साध्य एक, सिद्ध भलतंच

मी कुडाळजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. नववी-दहावीची भूमिती माझ्याकडे. सुपरहिरोंशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं, तो मुलाने आणला. २०२१ चा जानेवारी, तो दहावीत, शाळा मोबाइलवर. "आई, फक्त अर्धा तास, जेवता जेवता," म्हणून त्याने 'वांडाव्हिजन' लावली आणि मी ताट हातात घेऊन उभीच राहिले. कृष्णधवल चित्र, जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतलं स्वयंपाकघर, मागून हसण्याचे आवाज आणि त्या सगळ्यात कुठेतरी काहीतरी बिनसलेलं. तेव्हापासून आम्ही मायलेकांनी अशा बऱ्याच मालिका पाहिल्या. सुरुवात बहुतेकींची चांगली असते. तरीही शेवटचा भाग संपल्यावर टीव्ही बंद करताना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून हे परीक्षण मालिकांचं नाही, फक्त शेवटच्या भागांचं.

पुढे सगळे शेवट फोडलेले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. तसंही यातले निम्मे शेवट फुटल्याने कुणाचं काही नुकसान होईल असं मला वाटत नाही.

प्रमेय लिहायची आमची एक रीत आहे. आधी पक्ष, म्हणजे काय दिलंय. मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय. लागली तर रचना. मग सिद्धता. पेपर तपासताना दर वर्षी एखादं तरी उत्तर असं भेटतं, की पक्ष बरोबर, आकृती सुबक, साध्याखाली पट्टीने रेघ, आणि सिद्धता भलत्याच प्रमेयाची. पोराने एक प्रमेय पाठ केलेलं असतं आणि ते त्याला कुठे ना कुठे लिहायचंच असतं. मी शून्य देत नाही. पक्षाचे, आकृतीचे गुण असतात, ते देते. पण चडफडते, कारण आकृतीवरून दिसत असतं की पोराला येत होतं.

या मालिकांचं पाठ केलेलं प्रमेय म्हणजे मारामारी. सारख्याच ताकदीचे दोघे हवेत तरंगत एकमेकांवर रंगीत उजेड फेकतात. आधीच्या भागांत काय विचारलं होतं ते कुणाच्या लक्षात नसतं.

आमच्या घरात माझ्याहून कडक एक परीक्षक आहेत, सासूबाई. वय ऐंशीच्या घरात. इंग्रजीचा गंध नाही, पण जन्म दशावतार बघण्यात गेलाय, त्यामुळे राजा कोण आणि राक्षस कोण हे त्यांना आवाज बंद असला तरी कळतं. वांडाव्हिजनच्या शेवटच्या भागाला त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन बायका घरांच्या छपरांवर तरंगतायत, एकीच्या हातातून लाल लोळ, दुसरीच्या हातातून जांभळा. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो दोघी भांडतत कित्याक गो?"

मी आठही भाग पाहिले होते. कशाला भांडतात, याचं मला उत्तर देता आलं नाही.

ते शुक्रवारी, ५ मार्च २०२१ ला. नवा भाग दुपारी दीडला यायचा, कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटलेली. माझा ऑनलाइन तास एकला संपायचा. जेवणं उरकून आम्ही टीव्हीपुढे.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वांडाचा जोडीदार व्हिजन मेलाय. ते तिला सोसवत नाही, आणि तिच्या अंगातल्या जादूने ती वेस्टव्ह्यू नावाचं अख्खं गाव एका घुमटाखाली कोंडून त्यात आपला संसार मांडते. नवरा, जुळे मुलगे, कुंपणावरून डोकावणारी शेजारीण. गावातल्या माणसांना तिने आपल्या मालिकेतली पात्रं करून टाकलंय. आठवा भाग मी तीनदा पाहिला. त्यात लहानगी वांडा आईबापांबरोबर जुनी अमेरिकन मालिका बघत बसलेली असते आणि घरावर बॉम्ब पडतो. मग ती एका मोकळ्या प्लॉटवर उभी दिसते, हातात कागद. व्हिजनने ती जागा दोघांसाठी घेऊन ठेवलेली, कागदावर बदाम काढून लिहिलेलं, इथे म्हातारं व्हायचं. ती तिथेच गुडघ्यांवर कोसळते आणि तिच्या रडण्यातून भिंती उभ्या राहतात. यापेक्षा सुबक आकृती मी टीव्हीवर पाहिलेली नाही.

आता साध्य काय? दुःख कितीही खरं असलं तरी त्यापायी दुसऱ्यांना कोंडायचा हक्क मिळतो का, हे.

नवव्या भागाने या प्रश्नाला हात घातलाच नाही असं म्हणता येणार नाही. एकदा घातला. चौकात गावकरी वांडाला घेरतात. डॉटी म्हणून जिला आपण नटूनथटून ठसक्यात वावरताना पाहिलंय, ती बाई पुढे येऊन अजिजीने सांगते, मला आठ वर्षांची मुलगी आहे. तुमच्या मुलांची मैत्रीण करा तिला. शाळेतली दांडगट मुलगी केलीत तरी चालेल. फक्त तिला तिच्या खोलीतून बाहेर येऊ द्या. कोंडणाऱ्या बाईशीच ती आई सौदा करतेय, मुलीसाठी मालिकेत एखादी भूमिका मागतेय. त्या वर्षी आमच्या वर्गातली सगळी पोरं खोल्यांत होती, त्यामुळे असेल, माझा हात मुलाच्या पाठीवर गेला. दुसरी एक म्हातारी म्हणते, सोडणार नसलीस तर निदान मरू दे.

इथे भागाने थांबायला हवं होतं. वांडाला या माणसांपुढे उभं राहून काहीतरी बोलायला लावायला हवं होतं. ती घुमट उघडते, तसे नवरा-मुलं विरायला लागतात, ती घाबरून पुन्हा मिटते. हेही उत्तम. पण तेवढ्यात अगाथा येते, म्हणजे ती कुंपणावरची शेजारीण, जी स्वतःच जादूगारीण निघालीय, आणि सुरू झाले लाल लोळ, जांभळे लोळ. प्रश्न विचारणारे गावकरी रस्त्यावरून गायब. 'वांडा दोषी आहे का' हे सिद्ध करायचं होतं, 'अगाथा वांडापेक्षा वाईट आहे' हे सिद्ध झालं. साध्य ते नव्हतंच.

न्यायाने सांगायचं तर दोन गोष्टी बरोबर होत्या. वांडा जिंकते ती मुठीच्या जोराने नाही. आठव्या भागात अगाथाने तळघराच्या भिंतींवर मंत्राक्षरं लिहून दाखवलेलं असतं, की ज्या जादूगारणीने ती लिहिली तिचीच जादू त्या जागेत चालते. वांडा तेच घुमटाच्या भिंतींवर करते. पायरी आधी दिली, नंतर वापरली, पूर्ण गुण. दुसरी गोष्ट, दोन व्हिजनमधली झुंज, एक वांडाने जादूने घडवलेला, दुसरा मेलेल्या व्हिजनच्या देहातून पुन्हा जागवलेला, पांढरा. ते मारामारी सोडून ग्रंथालयात जातात आणि थीसियसच्या जहाजावर वाद घालतात. फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या तर जहाज तेच राहतं का? आमच्याकडच्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा, तो म्हणेल त्यात काय विचारायचं, होडी माझीच. पण वाद घालून झुंज संपते हे मला फार आवडलं. पुढे मात्र तो पांढरा व्हिजन उडून जातो तो मालिकेत परत येतच नाही. हातचा घेतला आणि मिळवायचा राहिला.

सिनेमांतला जादूगार डॉक्टर स्ट्रेंज याच भागात यायचा होता, पण तो आला तर वांडाच्या गोष्टीवरचंच लक्ष उडेल म्हणून त्याला वगळलं, असं निर्माते केव्हिन फायगी यांनी नंतर सांगितलं. शहाणपण केलं. त्यामुळे मुलांना झोपवण्याचा प्रसंग मिळाला. घुमट आकसत घराकडे येतोय, आई-बाप मुलांच्या अंगावर पांघरूण घालतायत, आणि त्या दोघांना ठाऊक आहे. ती शेवटची काही मिनिटं कितीदाही बघावीत.

आणि मग सकाळ. वांडा गावातून चालत निघते, माणसं तिच्याकडे थंड नजरेने बघतायत, आणि तिची बाजू घेणारी सरकारी अधिकारी मोनिका तिला म्हणते, तू यांच्यासाठी काय त्यागलंस ते यांना कधी कळणार नाही.

इथे लाल पेनाचं टोक कागदात घुसलं. यांच्यासाठी? चोराने ऐवज परत केला म्हणून त्याला दानशूर म्हणायचं? त्या आठ वर्षांच्या मुलीचं काय, ती खोलीतून बाहेर आली का, तेवढं तरी दाखवा. ते न दाखवता नामावलीनंतर डोंगरातली एक झोपडी दाखवली, वांडा जाडजूड पोथी वाचतेय. म्हणजे पुढच्या सिनेमाचं आमंत्रण. १० पैकी ६, त्यातले दोन पांघरुणाचे.

पुढच्या महिन्यात, २० एप्रिलला, राज्य सरकारने दहावीची परीक्षा रद्द केली. मुलाच्या दहा वर्षांच्या मालिकेला शेवटचा भागच मिळाला नाही. त्या रिकाम्या सुट्टीत त्याने 'द फ्लॅश' धरली, अफाट वेगाने धावणाऱ्या नायकाची, आणि मी भाजी निवडता निवडता अर्धी पाहिली. त्यातले शेवट मला रागापेक्षा हसू जास्त आणतात. पहिल्या पर्वाच्या शेवटी शहरावर आभाळाला भोक पडतं आणि नायक त्यात धावत सुटतो. दुसऱ्याच्या शेवटी तो भूतकाळात जाऊन आपल्या मेलेल्या आईला वाचवतो, म्हणजे जगाचा सगळा इतिहासच बदलला. तिसऱ्याच्या शेवटी तो सगळ्यांचा निरोप घेऊन कायमचा वेगाच्या एका तुरुंगात जातो. आणि दर खेपेला नवं पर्व उघडलं की पहिल्याच भागात गाडी परत रुळावर. आईचा बदललेला इतिहाससुद्धा एका भागात आवरला, चार-दोन गोष्टी इकडच्या तिकडे राहिल्या इतकंच. पोरं पुरवणी मागून घेतात, दोरा बांधतात आणि आत एकच ओळ लिहितात: मागील उत्तर खोडले आहे असे समजावे. त्यातला प्रकार.

पण त्यामागे धंद्याचं कारण तरी होतं. तिकडच्या जुन्या पद्धतीच्या चॅनलांवर पर्व शरदात सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे हे प्रेक्षकमोजणीचे मोठे महिने, त्यांना ते स्वीप्स म्हणतात. त्या आकड्यांवर स्थानिक चॅनलांचे जाहिरातींचे दर ठरायचे. म्हणजे मे महिन्यात माणसं टीव्हीपुढे हवीत आणि ऑक्टोबरात ती परत यायला हवीत, म्हणून नायकाला कड्यावर लोंबकळत ठेवून सुट्टी घ्यायची. २३ भाग दळून दमलेल्या लेखकांना मी फार बोलणार नाही. ३ गुण, सहानुभूतीचा त्यात १.

ॲपवरच्या मालिकांना ही सबब नाही. मी वर्षाचे पैसे आधीच भरलेत. भाग सहा किंवा नऊ. मे महिना नाही, जाहिरातवाल्यांचा धाक नाही. तरी तेच.

'मून नाइट' घ्या. शेवटचा भाग ४ मे २०२२, बुधवार. शाळेला सुट्टी, मुलगा अकरावी संपवून मोकळा, पाटावर आंब्यांची परडी. या मालिकेचा नायक लंडनच्या संग्रहालयातल्या दुकानात काम करणारा भित्रा स्टीव्हन, आणि त्याच्याच शरीरात राहणारा भाडोत्री सैनिक मार्क. पाचव्या भागात कळतं की हे दोघे का झाले. लहानपणी मार्कच्या डोळ्यांदेखत धाकटा भाऊ गुहेतल्या पाण्यात बुडाला आणि आईने आयुष्यभर त्याचं खापर मार्कवर फोडलं. तो मार सोसायला एका मुलाने दुसरा मुलगा तयार केला. ऑस्कर आयझॅकने एकाच चेहऱ्याने दोन माणसं उभी केलीत. एका खोलीत एक दुसऱ्याला आत जाऊ नको म्हणून विनवतो तेव्हा आपण एकच नट बघतोय हे विसरायला होतं.

सहाव्या भागात? पिरॅमिडांच्या पायथ्याशी दोन अवाढव्य इजिप्शियन देवता कुस्ती खेळतात. एक मगरतोंडी, एक पक्ष्याच्या कवटीचा. कित्याक, ते सांगता येईल, पण स्टीव्हन-मार्कशी त्याचा धागा मला तरी जोडता आला नाही. खरा घोटाळा त्याहून पुढे. खलनायक मार्कच्या उरावर बसलाय, आता मारणार. एवढ्यात पडद्यावर झटका बसतो, आणि पुढच्या क्षणी सगळे शत्रू आडवे पडलेत, खलनायक मार्कच्या मुठीत. मधे काय झालं ते नायकालाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही. आता हा झटका नवा नव्हे. पहिल्या भागात स्टीव्हनचं भान असंच अधूनमधून जायचं आणि ते फार मजेशीर होतं. त्या झटक्यांमागे तिसराच कुणी दडलाय हे नामावलीनंतर दाखवतात. पण नेमक्या निकालाच्या पायरीला ही युक्ती वापरणं म्हणजे माझ्या वर्गातल्या बिलंदर पोरांची रीत. वर दोन ओळी, मग तीन टिंबं, मग थेट 'हेच सिद्ध करायचे होते'. मधली पायरी विचारली तर म्हणतात, "बाई, ती डोक्यात केली." ४ गुण. परडीतले आंबे संपले होते, ते बरं.

मी मारामारीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आमच्या भागात जत्रेला दशावतार होतो, आणि युद्धाशिवाय दशावतार मला चालणार नाही. पण तिथे युद्धाआधी काय होतं ते बघा. राजा आणि राक्षस समोरासमोर येतात, पेटी थांबते, आणि दोघांचा वाद जुंपतो. संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे सुचलेले. धर्म कुणाचा, वचन कुणी मोडलं, शापाची मुदत कधी संपते, सगळं तोंडाने भांडून होतं. वादात एकाचं तोंड बंद पडलं की मग मृदंग आणि झांजा, मग तलवारी. युद्ध म्हणजे त्या वादाचा निकाल. सासूबाईंना कित्याक विचारायची वेळच येत नाही. आणि पहाटे दहीकाला झाल्याशिवाय कुणी उठत नाही. काल्यानंतर कुणीतरी मंडपात येऊन पुढच्या गावच्या आख्यानातला तुकडा करून दाखवला असता, तर त्याला गावकऱ्यांनी काय दिलं असतं ते इथे लिहीत नाही.

या मालिकांचं असं का होतं याचा थोडाफार उलगडा २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. मार्व्हलवाले, म्हणजे 'वांडाव्हिजन' आणि 'मून नाइट' काढणारेच, 'डेअरडेव्हिल'ची नवी मालिका करत होते. ती मधेच थांबवून पुन्हा मांडायला घेतली, तेव्हाच्या बातम्यांत आलं की आतापर्यंत त्यांच्या मालिकांना रूढ अर्थाने शोरनरच नव्हते. शोरनर म्हणजे पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत लेखन आणि निर्मिती दोन्हीची लगाम हातात असलेला माणूस. यांच्याकडे मुख्य लेखक असे, दिग्दर्शक असे, आणि वर स्टुडिओचे अधिकारी, सिनेमाला असतात तसे. चित्रीकरण झाल्यावर नको ते पुन्हा चित्रित करून दुरुस्त करायचं. एक लांब सिनेमा करायचा आणि त्याचे सहा तुकडे पाडायचे. सिनेमाला शेवटची वीस मिनिटं आकाशातली आतषबाजी लागते, म्हणून मग सहावा तुकडा सगळाच्या सगळा आतषबाजी. वाचून मला आमच्या शाळेतला गॅदरिंगचा नाच आठवला. पाच बाईंनी पाच कडवी बसवलेली, शेवटी सगळ्यांनी मिळून पिरॅमिड.

यात एकीने मात्र पेपर उलटून परीक्षकाच्याच हातात दिला, ती 'शी-हल्क'. १३ ऑक्टोबर २०२२. पहिल्या सत्राचे पेपर मांडीवर होते, एक डोळा टीव्हीवर. वकील जेन हीच शी-हल्क, म्हणजे हवं तेव्हा धिप्पाड हिरवी होणारी, आणि तिची मालिका म्हणजे कोर्ट, मैत्रिणी, फसलेल्या भेटीगाठी. शेवटच्या भागात एका सभागृहात सगळे एकदम टपकतात. तिचं रक्त चोरणारा टॉड हिरवा राक्षस होतो, भिंत फोडून तिची वैरीण टिटॅनिया येते, वरून मूळचा हल्क ब्रूस बॅनर येतो, आणि आता परत तेच, म्हणून मी पेपर उचलला. तेवढ्यात जेन आपल्याकडे वळून विचारते, हे पटतंय का तुम्हाला? आणि चित्र आक्रसून ॲपचा मुखपृष्ठाचा पडदा दिसतो. माझा मुलगा रिमोट शोधायला लागला, त्याला वाटलं मी त्यावर बसले. जेन त्या पडद्यातून हात घालून बाहेर पडते, शेजारच्या चौकटीत शिरते, थेट लेखकांच्या खोलीत जाऊन जाब विचारते आणि शेवटी केव्हिन नावाच्या यंत्रमानवापुढे उभी राहते. तुमचं सगळं एकाच पद्धतीने संपतं, माझी गोष्ट माझ्या दोन आयुष्यांच्या ओढाताणीची आहे, त्यात या टॉडला शक्ती कशाला? यंत्र तिला सांगतं, आधी साध्या रूपात ये, हिरवी महाग पडतेस, आणि चित्रतंत्राची माणसं दुसऱ्या कामावर गेलीत. मी आणि मुलगा एकाच वेळी हसलो, असं हल्ली कमी होतं.

विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'प्रश्न चुकीचा आहे' असं लिहिलं आणि प्रश्न खरंच चुकीचा असला, तर बोर्डसुद्धा गुण देतं. मीही दिले, ७. तीन कापले, कारण प्रश्न खोडल्यावर तिने स्वतःचं उत्तरही फारसं लिहिलं नाही. टॉडला पोलिसांनी धरलं, उन्हात डेअरडेव्हिल आला, घरच्यांबरोबर अंगणात जेवण, आणि तिथेही ब्रूस आपला मुलगा घेऊन हजर. म्हणजे पुढची जाहिरात चुकली नाहीच. शिवाय ही गंमत एकदाच करता येते. वर्षभराच्या आत त्याच घरातून 'सीक्रेट इन्व्हेजन' आली. माणसाच्या रूपात परग्रहवासी, शेजारचा खरा की खोटा कळत नाही, किती चांगला पक्ष! २६ जुलै २०२३ ला, बाहेर धो धो पाऊस, तीनदा वीज गेली, आणि शेवट काय, तर दोन परग्रहवाशांचे हात आळीपाळीने कधी हल्कचे, कधी झाडाचे होतात आणि ते एकमेकांना बुकलतात. १ गुण, पेपर कोरा ठेवला नाही म्हणून.

मुलगा म्हणतो, आई, तू फक्त मार्व्हललाच धरतेस. तर एचबीओची २०१९ ची 'वॉचमेन'ही बघितली, त्याच्याच सांगण्यावरून, आणि काही जागी तो शेजारी नसता तर बरं झालं असतं. नऊ भाग. आठव्यात सर्वशक्तिमान डॉक्टर मॅनहॅटन आपल्या बायकोला, अँजेलाला सांगून ठेवतो की माझी शक्ती खाण्याच्या एखाद्या वस्तूत उतरवता येईल. आणि पोहण्याच्या तलावावर, पाण्याच्या पृष्ठभागावर उभा राहून तिला म्हणतो, हे तू बघणं पुढे महत्त्वाचं आहे. शेवटच्या भागात तो मेलाय. घरात फुटलेल्या अंड्यांत एक धड अंडं उरलंय. अँजेला ते कच्चं गिळते, तलावाशी जाते, पाऊल उचलते, तळवा पाण्याला लागतो, अंधार. मुलगा ओरडला, "अरे, दाखवा ना!" मला मात्र काही अपुरं वाटलं नाही. सगळ्या पायऱ्या फळ्यावर होत्या, शेवटची ओळ पोरांना लिहायला ठेवली. ९.

उरला 'लोकी'. त्याचं पहिलं पर्व जुलै २०२१ मध्ये संपलं तेव्हा मी भांडले होते. खरं तर भाग धीट होता. काळाच्या टोकाला एका वाड्यात एक माणूस टेबलामागे बसून सफरचंद खातो आणि बोलतो, बोलतो, बोलतो. मला मारा, नाहीतर माझी गादी चालवा, एवढाच मुद्दा. दशावताराच्या वादासारखा वाद, माझ्या आवडीचा. पण मग लोकीबरोबर आलेली सिल्व्ही त्या माणसाला मारते, लोकी भलत्याच जगात जाऊन पडतो, आणि फायलीवर शिक्का, दुसऱ्या पर्वात भेटू. दोन वर्षांहून जास्त थांबवलं. ५ दिले होते.

दुसऱ्या पर्वाचा शेवट भारतात १० नोव्हेंबर २०२३ ला आला, शुक्रवारी सकाळी. धनत्रयोदशी. मुलगा पुण्याहून आदल्या रात्री आलेला, पांघरुणातूनच त्याने टीव्ही लावला. मी चकल्यांची भाजणी मळून ठेवलेली, सासूबाई सोऱ्या घेऊन पाटावर, कढईत तेल. ओट्यावरून टीव्ही दिसतो.

या भागाचं नाव जे आहे तेच नाव पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागाचं होतं, 'ग्लोरियस पर्पज'. कीर्तनकार कितीही लांब फिरून आला तरी शेवटी आरंभीच्या अभंगावर येतो, तसं. पहिल्या भागातल्या लोकीला सिंहासन हवं होतं. आणि त्या गुर्मीखाली काय दडलंय तेही मधल्या भागांत तो बोलून गेलेला, की त्याला एकटं राहायची भीती वाटते. हा पक्ष.

सगळ्या काळांचे धागे ज्या यंत्रावर विणले जातात ते फुटायला आलंय. लोकी पुन्हा पुन्हा मागे जातो, तेच क्षण पुन्हा जगतो, यंत्राचं शास्त्र शिकण्यात शतकं घालवतो, पुन्हा हरतो. मारामारी नाही. आधीच्या सगळ्या वाटा एकेक करून तपासायच्या आणि खोडायच्या, अप्रत्यक्ष सिद्धता आम्ही अशीच शिकवतो. मग एकच वाट उरते. तो बाहेर पडतो, वाऱ्याने अंगावरचे कपडे फाटतात, डोक्यावर शिंगांचा मुकुट येतो, मरायला टेकलेले धागे तो मुठींत धरतो तसे ते हिरवे होतात, आणि ते ओढत तो पायऱ्या चढून एका मोडक्या आसनावर जाऊन बसतो. सगळे काळ त्याच्याभोवती झाडासारखे पसरतात. सिंहासन मिळालं. मैत्र सगळे काचेपलीकडे राहिले. जे मागितलं ते, आणि ज्याला भ्यायला तेही, एकाच खुर्चीत.

मी झारा हातात धरून उभी. सासूबाईंनी सोऱ्या मांडीवर ठेवला होता.

"मगे आता तो थंयच बसतलो?"

"हो."

"एकटोच?"

"एकटाच."

त्या काही बोलल्या नाहीत. कित्याक विचारलं नाही. पहिला घाणा करपला तो त्यामुळे.